फुग्यावरची दाढी

दुकानात हे बोलतात आणि दवाखान्यात मी. चौतीस वर्षांच्या संसारात ही वाटणी कुणी केली ते आठवत नाही, पण दोघांनीही ती इमानाने पाळली.

यांचं केस कापायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक दार, दाराच्या अलीकडे आमचं घर. दार उघडं असलं की साबणाच्या फेसाचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि त्याच्यामागून यांचा आवाज. समोर कुणाची तरी मान असली की यांच्या तोंडाला पाझर फुटतो. कुणाच्या नळाला पाणी नाही, केसांत कोंडा का होतो, माणसात अहंकार का होतो, सगळं एका दमात. पण कात्री खाली ठेवली आणि एप्रन खुंटीला टांगला, की माणूस दगड. पाहुण्यांशी मी बोलायचं, बँकेत मी, मुलीच्या सासरी मी. हे शेजारी बसून माझ्या वाक्यांना मान डोलावणार.

हे डावखुरे. कात्री डाव्या हातात, वस्तरा डाव्या हातात. आरशाखालची फळीसुद्धा त्यांनी खुर्चीच्या डावीकडे ठोकून घेतली आहे. नवं गिऱ्हाईक भलत्या बाजूने वस्तरा येताना पाहून जरा आक्रसतं. मग हे म्हणतात, "निवांत बसा, गळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो." सगळी गल्ली यांना डावरे मास्तर म्हणते. आमचं आडनाव वेगळंच आहे, पण ते फक्त वीजबिलावर दिसतं.

लिहिणं तेवढं उजव्या हाताने. शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर पट्ट्या मारून मारून पेन्सिल उजव्या हातात नेली, ती तिथेच राहिली. उजव्याने गाल ताणायचा, कंगवा धरायचा आणि वर्षातून चार सह्या करायच्या. माझ्या आईला बसल्या बसल्या ओव्या जुळवायची खोड होती, ती माझ्यात उतरली आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी यांना ऐकवलं होतं:

डावा माझा राबणारा, उजवा तो मानकरी
एक धरी धार बाई, दुजा फक्त सही करी

"झालं, लागलं जातं फिरायला," हे म्हणाले होते. हसले मात्र होते.

यांचे पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही दोष दिला उभ्या कामाला. दिवसभर उभा राहणारा माणूस, पाय सुजणारच. चपलेचा पट्टा एक भोक पुढे गेला, मग दोन. मग तोंडाची चव गेली, जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं, आणि तपासणीचा कागद आम्हाला बोटाला धरून थेट किडनीच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या. "किडन्या थकल्या आहेत," त्या म्हणाल्या. "आज-उद्या काही होत नाही. पण वर्षाच्या आत कधीतरी मशीनवर रक्त साफ करायची वेळ येईल. त्याच्या आधी हात तयार करून ठेवू." मग त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक शीर, एक धमनी. मनगटाजवळ दोघींची गाठ घालून द्यायची. मग शिरेत जोराचं रक्त येतं, ती हळूहळू फुगते, जाड होते, आणि मशीनच्या मोठ्या सुया तिला सोसतात. याला फिस्टुला म्हणतात. "तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून घाई."

"म्हणजे आंबा आढीत घातल्यासारखंच की," मी म्हणाले.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. हे मान डोलावत होते.

शेजारच्या खोलीत सिस्टरने फाइल भरायला घेतली. उंच बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, प्रश्न एकामागून एक. मी ते झेलत होते.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"साखर?"

"नाही. रक्तदाब आहे."

"काम काय करतात?"

"स्वतःचं दुकान आहे."

"लिहितात कुठल्या हाताने?"

"उजव्या."

सिस्टरने चष्म्यावरून यांच्याकडे पाहिलं. "पेशंटला बोलता येतं ना?"

"येतं की," मी म्हणाले, "पण इथे नाही."

तिने यांचा डावा हात ओढून घेतला आणि मनगटावर एक लाल पट्टी बांधली. "हा हात जपायचा. यातून रक्त काढू द्यायचं नाही, बीपी बघू द्यायचं नाही. कुणी सुई घेऊन आलं की उजवा पुढे करायचा. महिन्याने ऑपरेशन. आणि हा चेंडू रोज दाबत बसायचा, शिरा मोठ्या होतात." एक मऊ, निळा चेंडू तिने यांच्या डाव्या तळहातावर ठेवला.

यांनी हात परत घेतला, मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्याकडे आला आहे. मी ते पाहिलं. पण मनगटात एक टाका घालतात, टाका निघाला की हात जसाच्या तसा, असं माझ्या डोक्यात. मी पिशवी उचलली आणि औषधाच्या खिडकीकडे निघाले.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. एरवी हे त्या वेळात घरात येऊन आडवे व्हायचे. आता शटर ओढून दुकानातच थांबायला लागले, मधलं दार लावून. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे वारा चांगला लागतो." शटर बंद असताना वारा कुठून लागतो हे मी विचारलं नाही. आजारी माणसाला सगळेच प्रश्न विचारायचे नसतात, काही राखून ठेवायचे असतात.

मग आवाज यायला लागला. फट्. थोड्या वेळाने पुन्हा, फट्. कचऱ्याच्या डब्यात रबराच्या चिंध्या सापडल्या, गुलाबी, पिवळ्या, फेसाने बरबटलेल्या. फुगे. नातीच्या वाढदिवसाला अजून चार महिने होते.

त्याच आठवड्यात पेपरवाल्या आजोबांनी मला मागच्या दाराशी गाठलं. हे आजोबा रोज सकाळी दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीत बसून फुकट पेपर वाचतात. डोक्यावर मोजून चौदा केस, पण दर पंधरा दिवसांनी ते कापून घेतात.

"वहिनी, मास्तरांना काय झालंय?"

"किडनीचं आहे. सांगितलं ना तुम्हाला."

"ते नाही हो. काल माझे केस कापले आणि एक अक्षर बोलले नाहीत. चौदा केसांना चौदा गोष्टी सांगायचा माणूस. मी तर उठताना स्वतःच म्हणालो, 'छान कापलेत हो,' तरी हूं नाही की चूं नाही."

हसत हसत सांगितलं त्यांनी, पण किडनीचं ऐकून मी घाबरले नव्हते इतकी तेव्हा घाबरले. दुकानात गप्प बसलेला हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता.

त्या दुपारी दार न वाजवता मी आत गेले.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, डोकं टेकायच्या उशीला दोऱ्याने बांधून, एक मोठा पिवळा फुगा बसवला होता. त्याला नीट फेस लावलेला, कानांची जागा सोडून. हे त्याच्यापुढे वाकलेले. जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम. आणि वस्तरा उजव्या हातात.

फुग्याची दाढी काय असते ते मला माहीत होतं. नवा माणूस तशीच शिकतो. माझा धाकटा भाऊ यांच्याकडे शिकला तेव्हा सहा महिने असेच फुगे फोडत होता. फेस लावायचा, वस्तऱ्याने फेस उतरवायचा, फुग्याला कळू द्यायचं नाही. असे शंभर फुगे न फुटता उतरले की मग माणसाचा गाल. फुग्याला दुखत नाही, पण तो सोडतही नाही, असं हे त्याला म्हणायचे.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले.

फट्. फेस आरशावर उडाला, थोडा यांच्या नाकावर.

"दार वाजवत जा की," हे म्हणाले.

"माझ्याच घराचं दार मी वाजवू? आणि गिऱ्हाईक कोण होतं हे, इतकं गुबगुबीत?"

हे हसले नाहीत. चिंधी उचलली, डब्यात टाकली. "सत्तावीस फुटले. एक पूर्ण उतरला, तोही लहान होता." मग खुर्चीच्या हातावर टेकले. "डावा आता त्यांचा. मग हा तयार नको व्हायला?"

"त्यांचा म्हणजे?"

"मशीनचा. शीर फुगणार, त्यात सुया बसणार. तिथे बाकावर एकजण भेटला होता, तू औषधं आणायला गेलेलीस तेव्हा. त्याचा हात असाच केलेला, बोटं बधिर झालीत. सदऱ्याचं बटण लावता येत नाही म्हणाला. असल्या बोटांनी मी कुणाच्या गळ्याला वस्तरा लावू?"

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ते जीव वाचवायला बसलेत. त्यांना म्हणू, जीव वाचवा पण हात माझा मला ठेवा? भाजीवाल्याकडे घासाघीस केल्यासारखं." नाकावरचा फेस पुसला त्यांनी. "आणि तू सांगितलंस ना सगळं."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी कमी नाही. पण ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. लिहितात कुठल्या हाताने? उजव्या. काम काय करतात? दुकान आहे. माझी दोन्ही उत्तरं खरी होती, आणि दोन्ही मिळून एक मोठं खोटं झालं होतं. ते खोटं या माणसाने निमूट डोक्यावर घेतलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फुगे घेऊन पहिल्या इयत्तेत जाऊन बसला.

"उद्या दवाखान्यात जायचं," मी म्हणाले. "आणि मी तिथे एक शब्द बोलणार नाही."

"मग कोण बोलणार?"

"बघा कोण ते."

यांनी वस्तरा पुसून ठेवला. मग खिशातून एक निळा फुगा काढून माझ्यापुढे धरला. "एवढा फुगवून दे. माझी फुंकर पुरत नाही हल्ली."

मी फुगवला, गाठ मारली, उशीला बांधला. आणि तिथेच बाकावर बसून, वस्तरा पुन्हा त्या शिकाऊ हातात चढताना बघत राहिले. गळ्यापर्यंत छान उतरला. हनुवटीला फुटला.

दुसऱ्या दिवशी नंबर लागायला दोन तास गेले. आत डॉक्टरीणबाई होत्या, आणि ऑपरेशन करणारे डॉक्टरही, तरुण, डोळ्यांखाली झोप साचलेली.

"तारीख तर पुढची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज काय काढलंत?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे पाहिलं.

"काही त्रास होतोय?"

यांनी पुन्हा माझ्याकडे. मी चित्रातल्या नळ्या मोजायला लागले. ओठ दातांत इतका घट्ट धरला की आता सुजणार असं वाटायला लागलं. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब अर्धं मिनिट ते.

तेवढ्यात तरुण डॉक्टर कपाटातून फाइल काढायला वळले, आणि त्यांची मान यांच्या पुढ्यात आली.

"हे कुणी कापलं?"

मी दचकलेच. आवाज दुकानातला होता.

"काय?" डॉक्टर वळले.

"केस तुमचे. डावा कल्ला अर्धं बोट वर गेलाय. मानेवर तर जिना ठेवलाय, चढून जावं असा. कुणी कापले?"

डॉक्टरांचा हात आपोआप कानाकडे गेला. "मीच. मशीन फिरवतो घरी. बाहेर जायला वेळ नसतो."

"तरीच. आरशात बघून स्वतःचे केस कापायचे नसतात, आरसा बाजू फिरवतो. तुम्हाला वाटतं डावीकडे जातोय, जाता उजवीकडे. आमच्याकडे नवी पोरं हीच चूक करतात."

"तुम्ही केस कापता?"

"एकेचाळीस वर्षं झाली." आणि यांनी लाल पट्टी बांधलेलं मनगट वर केलं. "या हाताने."

डॉक्टरीणबाईंनी फाइल पुढे ओढली. "इथे दुकानदार लिहिलंय. हात उजवा." त्यांनी सिस्टरला हाक मारली.

सिस्टर आली, फाइल वाचली, यांच्या मनगटाकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसायला लागली. "आम्ही लिहायचा हात विचारतो," ती म्हणाली. "लिहायचा तोच कामाचा असं धरतो, आणि दुसऱ्यात फिस्टुला करतो. मी जे विचारलं तेच मला मिळालं. विचारलंच चुकीचं."

"चूक माझीच..." मी सुरू केलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट वर केलं. "काकू, आज काका."

मग यांच्या दोन्ही दंडांना आळीपाळीने पट्टा बांधून, थंडगार जेल लावून, डॉक्टरांनी पडद्यावर शिरा पाहिल्या. डावीकडची शीर आडव्या पडलेल्या नदीसारखी ऐसपैस. उजवीकडची म्हणजे उन्हाळ्यातला ओहोळ. त्यात गेले पंधरा दिवस बिचाऱ्या उजव्याने डाव्याच्या वाट्याच्या सगळ्या सुया खाल्लेल्या, कोपराच्या खळग्यात हिरवे-निळे डाग.

"सरळ सांगतो," डॉक्टर म्हणाले. "डाव्यात केलं तर पहिल्या फटक्यात जमेल असं मला वाटतं. उजव्याची तेवढी खात्री नाही. नाही जमला तर वेळ जाईल, पुन्हा करावं लागेल. आणि किडन्यांनी तेवढ्यात दम सोडला तर काही आठवडे मानेत नळी ठेवून काम भागवावं लागेल. ते मला आवडत नाही."

"आणि डाव्यात केलं तर हात?" यांनी विचारलं. स्वतः विचारलं.

"बहुतेकांचा हात चालतो. काहींची बोटं थंड पडतात, मुंग्या येतात. ते काही तुमच्याच नशिबी आहे असं नाही. पण येणारच नाही असं मी आज म्हणू शकत नाही."

"तुम्ही काय शिकलात पहिल्यांदा? टाके घालायला?"

डॉक्टर जरा हसले. "संत्र्याच्या सालीवर."

"आम्ही फुग्यावर. मी पंधरा दिवस उजव्या हाताने फुगे करतोय, डॉक्टर. एकोणतिसाव्या फुग्याला कळलं, की हात शिकेलही एखाद वेळेस, पण मी नाही शिकणार. वस्तरा उजव्यात घेतला की तोंड बंद होतं माझं. सगळं लक्ष धारेवर. डावा कसा, त्याचं तो बघतो, मी मोकळा असतो बोलायला."

मी चित्रातल्या नळ्यांकडे बघत होते, पण त्या आता नीट दिसत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, औषधाच्या दृष्टीने डावा सोपा. पण आयुष्य तुमचं आहे. तुम्हाला काय हवंय ते सांगा, मग त्यातलं जमेल तेवढं सुरक्षित कसं करायचं ते आम्ही बघतो."

"डावा मला ठेवा," हे म्हणाले. "उजव्याला करून बघा. नाही जमलं तर रडत बसणार नाही. मानेत नळी घालून घेईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते कात्री हातात नसताना एवढं बोलले, आणि मी मान डोलावली.

सिस्टरने लाल पट्टी डाव्यावरची काढून उजव्यावर बांधली. ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं, म्हणजे उजव्याच्या जखमा भरतील. आता सुया डाव्या पंजाच्या पाठीवर, त्याही मोजक्या. निळा चेंडू उजव्या हातात आला. चाळीस वर्षं सह्या करून बसलेला मानकरी कामाला लागला. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, जेवणानंतर, माझ्याशी भांडताना, चेंडू दाबणं चालू. पेपरवाले आजोबा म्हणायचे, "मास्तर, लिंबू पिळताय का कुणाचा गळा?" आणि हे पुन्हा बोलायला लागले होते. "गळ्याला डावा आहे आजोबा," म्हणायचे, "याच्याकडे फक्त लिंबाचं खातं."

ऑपरेशनच्या दिवशी हात तेवढा बधिर केला होता, माणूस जागा. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण लय ओळखीची होती, स्वयंपाकघरात रोज येते ती. मध्येच कुणीतरी हसलं. दीड तासाने डॉक्टर मास्क ओढत बाहेर आले.

"काकू, हे इथे बोलत नाहीत असं सिस्टरला कोण म्हणालं होतं?"

"का, काय केलं त्यांनी?"

"टोपी काढा म्हणाले, जिना अजून तसाच आहे का बघतो. दोनदा सांगावं लागलं, हात हलवू नका." मग म्हणाले, "शीर बारीक होती. जोड बसलाय. आता वाट बघू."

वाट बघणं म्हणजे काय ते त्यानंतरच्या आठवड्यांत कळलं. जोड चालू असला तर मनगटावर बोट ठेवल्यावर खालून थरथर लागते, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. सिस्टर म्हणाली, रोज सकाळी बघायची. थरथर गेली तर तसंच निघून यायचं. तिसऱ्या दिवशी मी बोट ठेवलं आणि काहीच लागेना. यांच्याकडे पाहिलं तर हेही माझ्याकडे बघत होते. तसेच रिक्षा करून दवाखाना गाठला. सिस्टरने बोट ठेवलं, कपाळाला आठी. मग छाती तपासायची नळी कानाला लावली, मनगटावरून हळूहळू वर सरकली, थांबली. आठी गेली.

"आहे. सूज आहे म्हणून बोटाला लागत नव्हती." तिने नळी काढून माझ्या कानात घातली. "ऐका."

ऐकलं. घर्र, घर्र, घर्र. त्या दिवसापासून मी बोट ठेवत नाही, रोज सकाळी कानच टेकवते.

कान लावी मनगटा, दूर कुणी दळीतसे
दळणारी दिसेना ग, पीठ माझ्या घरी दिसे

"लागलं जातं," हे म्हणाले.

"हो, पण या खेपेला तुमचं," मी म्हणाले.

शीर हळू वाढली. डाव्याची वाढली असती त्याच्या दुप्पट वेळ लागला तिला, पण वाढली. आता ती मनगटापासून वर सुताच्या दोरीइतकी जाड आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, पिकली. मशीन अजून लागलेलं नाही. लागेल, आठवड्यातून तीन दिवस. मग दुकान त्या तीन दिवशी बंद आणि उरलेल्या दिवशी उघडं, आणि उघडं असेल तेव्हा आवाज येईल. शिल्लक राहिलेले फुगे मी नातीला पाठवून दिले.

गेल्या रविवारी सकाळी तरुण डॉक्टर दुकानात आले. स्वतःहून, दाढी वाढलेली, जिना जागच्या जागी. यांनी खुर्ची फिरवून पुढे केली. मी दारात उभी राहिले चहाचा कप घेऊन. पेपरवाल्या आजोबांनी पेपर खाली केला.

"डॉक्टर, सांभाळून हं. तुम्ही यांना कापलंत, आता पाळी यांची."

गळ्याभोवती कापड आलं, गालावर फेस चढला. उजव्या हाताने गाल ताणला गेला आणि डावीकडून वस्तरा आला. डॉक्टरही जरा आक्रसले. "निवांत बसा," हे म्हणाले, आणि मग सुरूच झाले. मशीनने केस कापणाऱ्यांची पुढची पिढी टकली कशी होणार, रविवारी ऑपरेशन का नसावं, संत्र्याची साल जाड की गालाची कातडी.

डॉक्टरांनी डोळे तेवढे माझ्याकडे वळवले. "काकू, भूक कशी आहे यांना?"

"मला काय विचारता? वस्तरा ज्याच्या हातात, त्याला विचारा."

"चांगली आहे," हे म्हणाले. "पायांची सूज उतरलीय. मीठ मीच कमी केलंय, ही नाही."

कापडाखालून डॉक्टरांचा हात हळूच बाहेर आला. गाल ताणून धरलेल्या यांच्या उजव्या मनगटावर दोन बोटं टेकली. वस्तरा हवेत थांबला. आजोबांनी पेपर वाचायचं सोंग सोडून दिलं. खुर्चीत एकजण डोळे मिटून ऐकत होता, दुसरा त्याच्यावर वाकून उभा, आणि मधे ते मनगट.

"छान वाहतंय," डॉक्टर फेसातून म्हणाले.

"बोलू नका," हे म्हणाले, "ओठावर आलोय."